पदकांच्या खतावणीतील कोरी बाजू

टोकियो येथे सप्टेंबर २०२५ मध्ये झालेल्या जागतिक मैदानी स्पर्धेत अमेरिकेच्या सिडनी मॅक्लॉफ्लिन-लेव्हरोन हिने महिलांची ४०० मीटरची शर्यत ४७.७८ सेकंदांत जिंकली आणि या स्पर्धेतील बेचाळीस वर्षे अबाधित राहिलेला विक्रम मोडीत निघाला. तो विक्रम ४७.९९ सेकंदांचा होता. चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्राटोचव्हिलोव्हा हिने ऑगस्ट १९८३ मध्ये हेलसिंकीत तो नोंदविला होता. मधल्या काळात धावपट्ट्या बदलल्या, बूट बदलले, आहारशास्त्र बदलले, चेकोस्लोव्हाकिया नावाचा देशही नकाशावरून गेला; ती वेळ मात्र जागची हलली नाही. विश्वविक्रम तर टोकियोनंतरही पूर्व जर्मनीच्या मारिटा कॉख हिच्याच नावावर राहिला : ४७.६० सेकंद, साल १९८५. एखादा आकडा इतकी वर्षे उभा राहतो तेव्हा तो कशाच्या आधारावर उभा आहे, हे विचारणे क्रमप्राप्त ठरते. त्यासाठी हेलसिंकीच्या पदकतालिकेकडेच परत जावे लागते.

७ ते १४ ऑगस्ट १९८३ या आठ दिवसांत हेलसिंकीच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर मैदानी खेळांची पहिली पूर्ण जागतिक स्पर्धा भरली. तिचे महत्त्व केवळ पहिलेपणात नव्हते. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकवर अमेरिकेने बहिष्कार घातला होता आणि १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिककडे सोव्हिएत संघ व त्याचे मित्र पाठ फिरविणार होते. या दोन बहिष्कारांच्या मधल्या फटीत जगातले बहुतेक सारे उत्तम धावपटू, उडीपटू व फेकपटू एकाच मैदानावर उभे राहिले, ते हेलसिंकीत. त्यामुळे त्या वर्षी कोणते राष्ट्र किती पाण्यात आहे, याचा निवाडा करणारी एवढी चोख तुला दुसरी नव्हती.

तुलेने निवाडा दिला तो असा. पूर्व जर्मनी : १० सुवर्ण, ७ रौप्य, ५ कांस्य. अमेरिका : ८, ९ आणि ७. सोव्हिएत संघ : ६, ६ आणि ११. चेकोस्लोव्हाकियाने ४ सुवर्णपदके घेतली. ब्रिटन, पश्चिम जर्मनी व पोलंड यांच्या वाट्याला प्रत्येकी २ आली, आणि उरलेली ७ नॉर्वे, फिनलंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, इटली, जमैका व मेक्सिको यांना एकेक अशी विभागली गेली. ४१ सुवर्णपदकांचा हिशेब येथे पुरा होतो. आफ्रिकेला एकही सुवर्ण नव्हते. केनिया आणि इथिओपिया यांची नावे लांब पल्ल्याच्या शर्यतींशी आज इतकी एकजीव झाली आहेत की, त्या स्पर्धेत ५,००० मीटरची शर्यत आयर्लंडच्या एमन कॉगलनने आणि १०,००० मीटरची इटलीच्या अल्बेर्तो कोव्हाने जिंकली, हे सांगितल्यावर आजच्या विद्यार्थ्याला खरेही वाटणार नाही. आशियाच्या नावावर चीनच्या झू जियानहुआचे उंच उडीतील कांस्यपदक होते. यजमान फिनलंडचा जीव मात्र शेवटच्या क्षणी भांड्यात पडला : भालाफेकीच्या अखेरच्या फेकीत टीना लिल्लाकने ७०.८२ मीटर गाठले आणि अवघे स्टेडियम उभे राहिले. पदकतालिकेत अशा क्षणाला ‘१’ या आकड्यापलीकडे जागा नसते.

तालिका वाचण्याच्या रीतीतही एक गंमत आहे. सुवर्णपदकांवर क्रम लावला तर पूर्व जर्मनी पहिला. एकूण पदके मोजली तर अमेरिका २४, सोव्हिएत संघ २३ आणि पूर्व जर्मनी २२. म्हणजे पहिला तो तिसरा. एका सुवर्णाला किती कांस्ये बरोबर, याचे उत्तर क्रीडाशास्त्रात नाही आणि अर्थशास्त्रातही नाही. ते मोजणाऱ्याच्या सोयीत असते. परंतु लोकसंख्येने भागले की मोजणीच्या या साऱ्या रीती एकाच निष्कर्षाला येतात. पूर्व जर्मनीची लोकसंख्या तेव्हा सुमारे १ कोटी ६७ लाख होती, म्हणजे १९८१ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या लोकसंख्येच्या एक चतुर्थांशाहून थोडीच अधिक. या हिशेबाने तेथे दर कोटीमागे तेरा पदके पडली. अमेरिकेत आणि सोव्हिएत संघात दर कोटीमागे एकाच्या आसपास.

हा चमत्कार होता, आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने चमत्कार दिसला की त्याचा उत्पादनखर्च विचारावा.

पूर्व जर्मनीतील पदकांचे उत्पादन योजनाबद्ध होते, हे त्या काळीही सर्वांना ठाऊक होते. किंबहुना त्याचे कौतुकच होत असे. लायपझिगचे क्रीडा महाविद्यालय, लहान मुलांच्या स्पार्ताकियाद स्पर्धा, शाळाशाळांतून मुलांची उंची, हातांची लांबी व धावण्याचा वेग मोजून केलेली निवड, निवडलेल्या मुलांसाठी वेगळ्या निवासी क्रीडाशाळा : आपल्याकडील कित्येक क्रीडाशिक्षकांनी या व्यवस्थेची वर्णने हेवा करीतच वाचली असतील. कौतुकात जे फारसे आले नाही ते असे की, ही व्यवस्था खेळांच्या प्रसारासाठी नव्हती. १९६९ मध्ये तेथील सत्ताधारी पक्षाने खेळांची सरळ दोन वर्गांत वाटणी केली. ज्यात थोड्या माणसांत पुष्कळ पदके मिळतात ते खेळ पहिल्या वर्गात : मैदानी खेळ, जलतरण, नौकानयन. ज्यात बारा-पंधरा माणसे पोसून एकच पदक हाती येते ते दुसऱ्या वर्गात : बास्केटबॉल, हॉकी, वॉटर पोलो. दुसऱ्या वर्गाला आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे जवळजवळ बंद झाली. बर्फावरील हॉकीचे राष्ट्रीय अजिंक्यपद तर पुढे वर्षानुवर्षे दोनच संघांत खेळले जात होते! दर पदकामागील खर्च कमीत कमी ठेवावयाचा, हे या वाटणीचे सूत्र होते. कारखान्याच्या व्यवस्थापकाला ते शोभले असते.

याच सूत्रातून पुढचे पाऊल पडले, ते महिलांच्या स्पर्धांकडे. हेलसिंकीतील पूर्व जर्मनीच्या दहा सुवर्णपदकांपैकी पुरुषांची दोनच होती : भालाफेकीत डेटलेफ मिशेल आणि ५० किलोमीटर चालण्याच्या शर्यतीत रोनाल्ड वायगेल. उरलेली आठ महिलांची. महिलांच्या एकूण स्पर्धाच सतरा होत्या. पूर्व जर्मनीच्या आठांत सोव्हिएत संघाची दोन व चेकोस्लोव्हाकियाची तीन मिळविली की सतरांपैकी तेरा सुवर्णपदके तीन समाजवादी देशांकडे गेली. पुरुषांच्या चोवीस स्पर्धांत हेच तीन देश आणि पोलंड मिळून नऊच सुवर्णे घेऊ शकले. ही तफावत योगायोगाने पडत नाही. तिचे एक कारण सन्मान्य आहे. अनेक देशांत मुलींना मैदानावर येऊच दिले जात नव्हते; या देशांनी त्यांना आणले, आणि जेथे स्पर्धक थोडे तेथे गुंतवणुकीला फळ लवकर येते. दुसरे कारण मात्र तेव्हा कोणत्याही खतावणीत लिहिलेले नव्हते.

राज्याची गोळी

ते १९९० मध्ये बाहेर आले. बर्लिनची भिंत पडल्यानंतर जीवशास्त्रज्ञ व्हेर्नर फ्रांके आणि त्यांच्या पत्नी ब्रिगिटे बेरेनडोंक यांनी बाड सारो येथील लष्करी वैद्यकीय अकादमीतून गोपनीय प्रबंध व अहवाल मिळविले. बेरेनडोंक या स्वतः पूर्व जर्मनी सोडून आलेल्या थाळीफेकपटू. कागदांनी जे सांगितले ते थोडक्यात असे : १९७४ पासून ‘राज्य योजना विषय १४.२५’ या क्रमांकाखाली खेळाडूंना पुरुषी संप्रेरकांसारखी कृत्रिम द्रव्ये देण्याचा कार्यक्रम चालू होता. मुख्य औषध ओरल-ट्युरिनाबॉल, बनविणारा सरकारी कारखाना येनाफार्म. कागदोपत्री त्याला ‘साहाय्यक साधने’ असे सभ्य नाव होते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना त्या निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून दिल्या जात. या कार्यक्रमाचा प्रमुख वैद्यक मान्फ्रेड होप्नर गुप्त पोलिसांचा खबऱ्याही होता. त्याने १९७७ मध्ये कळविले की, महिलांच्या गोळाफेकीत या गोळ्यांनी साडेचार ते पाच मीटरची आणि ४०० मीटर धावण्यात चार ते पाच सेकंदांची सुधारणा होते. पुरुषांच्या गोळाफेकीतील वाढ याहून कमी होती. पुरुषी द्रव्याचा परिणाम स्त्रीदेहावर अधिक होतो. म्हणून तीच गोळी मुलीला दिली तर पदक अधिक स्वस्तात पडते. महिलांच्या पदकांचे गणित येथे पुरे होते.

एकंदर सुमारे दहा हजार खेळाडू या योजनेखालून गेले, असा अंदाज मानला जातो. त्यांच्यापैकी कित्येकींचे आवाज घोगरे झाले, यकृताचे व गर्भाशयाचे विकार जडले. १९८६ ची युरोपीय गोळाफेक विजेती हायडी क्रीगर पुढे शस्त्रक्रिया करून आंद्रेआस क्रीगर झाली. आपण कोण आहोत हे ठरविण्याचा हक्कच त्या औषधांनी आपल्याकडून काढून घेतला, अशी तक्रार क्रीगरने जाहीरपणे केली आहे. धावपटू इनेस गाइपेल हिने तर १९८४ च्या रिले विक्रमातून आपले नाव काढून टाकावे अशी मागणी केली, आणि अखेर नोंदवहीत तिच्या नावाच्या जागी तारांकन आले. मिळालेला विक्रम परत करण्यासाठी झगडावे लागले, असे उदाहरण क्रीडेतिहासात विरळाच.

२००० साली बर्लिनच्या न्यायालयाने पूर्व जर्मन क्रीडासंघटनेचा सर्वेसर्वा मान्फ्रेड एव्हाल्ड याला वीस महिला खेळाडूंना शारीरिक इजा पोहोचविण्यास साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरविले. शिक्षा बावीस महिन्यांची, तीही स्थगित. २००२ मध्ये एकीकृत जर्मनीने पीडितांसाठी वीस लाख युरोंचा निधी काढला; सुमारे दोनशे जणांना प्रत्येकी दहा हजार युरोंच्या आसपास मिळाले. २०१६ मध्ये आणखी एक कोटी पाच लाखांची तरतूद करावी लागली. पदके एका राज्याने घेतली आणि देयक दुसऱ्या राज्याच्या करदात्याकडे गेले. देहाचे देयक तर कोणाकडेच पाठविता आले नाही.

आणि हा चमत्कार घडला तेव्हा त्या राज्याची आर्थिक स्थिती काय होती? १९८३ च्याच उन्हाळ्यात, हेलसिंकीच्या स्पर्धेला काही आठवडे उरले असताना, परकीय चलनाच्या टंचाईने जेरीस आलेल्या पूर्व जर्मनीने पश्चिम जर्मनीच्या बँकांकडून एक अब्ज मार्कांचे कर्ज घेतले. बव्हेरियाचे पुढारी फ्रान्झ योझेफ श्ट्राउस यांनी ते जुळविले होते व पश्चिम जर्मन सरकारने त्याला हमी दिली होती. दहा सुवर्णपदकांचा धनी दोन सुवर्णपदकांच्या शेजाऱ्याकडून उसनवार करीत होता, ही गोष्ट त्या ऑगस्टमध्ये कोणत्याही क्रीडापानावर आली असेल असे वाटत नाही. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये नियोजनप्रमुख गेरहार्ट श्यूरर यांनी पक्षश्रेष्ठींना दिलेल्या अहवालात, केवळ कर्ज वाढू न देण्यासाठी जनतेचे राहणीमान पंचवीस ते तीस टक्क्यांनी खाली आणावे लागेल, असे स्पष्ट म्हटले होते.

दोष एकाच बाजूचा होता असे मात्र नाही. हेलसिंकीनंतर थोड्याच दिवसांत काराकास येथे पॅन-अमेरिकन स्पर्धा झाल्या. तेथे नव्या, अधिक सूक्ष्म चाचण्या लागू झाल्याचे कळताच अमेरिकेचे डझनभर मैदानी खेळाडू स्पर्धेत न उतरताच मायदेशी परतले. फरक एवढाच की, अमेरिकेत हा खासगी धंदा होता आणि पूर्व जर्मनीत ते सरकारी खाते. येथे क्राटोचव्हिलोव्हाला न्याय देण्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती एकाही चाचणीत दोषी ठरलेली नाही आणि उत्तेजके घेतल्याचे तिने कधीही मान्य केलेले नाही. बत्तिसाव्या वर्षी, शेतावरच्या कष्टांनी घडलेल्या शरीराने तिने त्या स्पर्धेत ४०० व ८०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. ते यश निखळ असेल तर तिच्यासारखी अन्याय झालेली खेळाडू दुसरी नाही. कारण त्या काळातल्या कोणाही विजेतीवर निःशंकपणे विश्वास ठेवण्याची सोयच या व्यवस्थेने उरू दिली नाही.

आपला हिशेब

भारतात हा विषय निव्वळ इतिहास म्हणून वाचण्याचे दिवस राहिलेले नाहीत. २००३ मध्ये पॅरिसला अंजू बॉबी जॉर्जने लांब उडीत ६.७० मीटरचे कांस्यपदक मिळविले, तेव्हा जागतिक मैदानी स्पर्धेत भारताचे खाते प्रथमच उघडले. दुसरे पदक यावयास एकोणीस वर्षे लागली : २०२२ मध्ये युजीनला नीरज चोप्राचे रौप्य, आणि पुढल्याच वर्षी बुडापेस्टला ८८.१७ मीटर फेकीचे सुवर्ण. त्या बुडापेस्टच्या तालिकेत भारत होता आणि जर्मनी नव्हता. त्या देशाला तेथे एकही पदक मिळाले नाही. ज्या देशात ऐंशी हजारांहून अधिक क्रीडा क्लब आहेत आणि संध्याकाळी गावोगावची मुले-माणसे मैदानावर दिसतात, त्याहून भारत मैदानी खेळांत पुढे आहे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तालिका शिखराची उंची मोजते. पायथ्याची रुंदी तिला दिसत नाही. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात भरती झाला आणि तेथे क्रॉस कंट्रीत धावू लागला, म्हणून त्याच्यातला स्टीपलचेसपटू देशाला सापडला. त्याच्या शाळेच्या वाटेवर त्याला हेरणारी कोणतीही योजना नव्हती.

अंजूच्याच कारकिर्दीत आणखी एक धडा दडलेला आहे. २००५ च्या मोनॅको येथील जागतिक अंतिम स्पर्धेत ती दुसरी आली होती. पहिली आलेली रशियाची तात्याना कोतोव्हा पुढे दोषी ठरली. त्याच वर्षी हेलसिंकीत घेतलेला तिचा नमुना तब्बल आठ वर्षांनी पुन्हा तपासला गेला होता. अंजूचे रौप्य २०१४ मध्ये सुवर्ण झाले. तोवर तिचे खेळण्याचे वय सरले होते. ब्रिटनच्या जेसिका एनिस-हिलला २०११ च्या हेप्टॅथलॉनचे सुवर्ण २०१७ मध्ये मिळाले. म्हणजे स्पर्धा संपल्याच्या रात्री वृत्तपत्रात छापली जाणारी तालिका ही कच्ची वही असते. पक्की वही लिहावयास दहा वर्षे लागतात.

आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला व्हावयाच्या आहेत, २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने इच्छा नोंदविली आहे, आणि पदकतालिकेत पहिल्या दहांत येण्याची भाषा अधिकृत व्यासपीठांवरून केली जात आहे. त्याच वेळी जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेचे आकडे काय सांगतात? २०२४ मध्ये भारतात सुमारे ७,१०० नमुने तपासले गेले आणि त्यांतील २६० दोषी निघाले, प्रमाण ३.६ टक्के. बहुतेक मोठ्या क्रीडाराष्ट्रांत ते एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. चाचण्या वाढविल्या म्हणून दोषी वाढले, असे समर्थन यावर केले जाते. संख्येपुरते ते खरे. पण टक्केवारीला ते लागू पडत नाही. चाचणीची भीती किती खोल गेली आहे, हे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दिल्ली राज्य स्पर्धेत दिसले. उत्तेजकविरोधी अधिकारी मैदानावर आल्याची वार्ता पसरली आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला.

आपल्याकडे पूर्व जर्मनीसारखे गोळ्या वाटणारे सरकारी खाते नाही. परंतु प्रोत्साहनाची जी रचना आपण उभारली आहे तिचे टोक त्याच दिशेला आहे. शालेय स्पर्धेतील यशावर दहावी-बारावीला वाढीव गुण, राज्य व राष्ट्रीय पदकावर नोकरीतील पाच टक्के राखीव जागांचा दरवाजा, रेल्वे-पोलीस-सैन्यातील भरती, आणि वरच्या पदकांवर राज्याराज्यांतील चढाओढीने जाहीर होणारी लाखा-कोटींची बक्षिसे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला राष्ट्रीय स्पर्धेतील तिसरा क्रमांक म्हणजे जन्मभराची कायम नोकरी, आणि चौथा क्रमांक म्हणजे रिकाम्या हाताने एस.टी.चा परतीचा प्रवास. दोहोंमध्ये कधी कधी एका सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याचे अंतर असते. त्या दहाव्या हिश्श्याची किंमत इतकी चढविल्यावर तो विकणारे दुकान तालुक्याच्या व्यायामशाळेशेजारी निघाले, तर त्यात नवल कसले? पकडला जातो तो मुलगा. त्याला इंजेक्शन आणून देणारा प्रशिक्षक बहुधा पुढच्या वर्षी नवी तुकडी घेऊन त्याच मैदानावर हजर असतो.

यावर केवळ नीतिपाठ उपयोगाचे नाहीत. मोबदल्याची रचना बदलावी लागेल. नमुने दहा वर्षे जपून ठेवून पुन्हा तपासता येतात, तर मोठ्या रोख बक्षिसाचा निम्मा हिस्सा त्या मुदतीत हप्त्याहप्त्याने का देऊ नये? प्रशिक्षकाचा वाटा तर पूर्णपणे या मुदतीशी बांधता येईल, आणि त्याचा एक खेळाडू दोषी ठरला की त्याचे सारे हप्ते थांबविता येतील. नोकरीचा दरवाजा एकट्या तिसऱ्या क्रमांकाला न उघडता पहिल्या आठांना, सलग तीन हंगामांच्या व चाचण्यांच्या नोंदी पाहून, थोडा थोडा किलकिला करता येईल. यावर आक्षेप येईल तो असा की, गरीब घरच्या खेळाडूला पैसा आज हवा असतो, दहा वर्षांनी नव्हे. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच पदक मिळण्यापूर्वीचा खर्च, म्हणजे खुराक, बूट, प्रवास आणि दुखापतीवरील उपचार, यांची रक्कम वाढवावी लागेल, आणि ती बक्षिसांच्या तरतुदीतून काढावी लागेल. अंदाजपत्रकात यासाठी नवा पैसा लागत नाही. सत्कारसमारंभातील धनादेशाचा आकडा तेवढा लहान दिसेल.